दसऱ्याचे सात फोटो

७ एप्रिल, मंगळवार

दुकान उघडून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच हिरामावशी काउंटरला. आधी वास आला, मग मावशी. बाजारात सुकी मासळी विकते, गाव जासईच्या पुढे. पिशवीतून पिशवी, तिच्यातून रुमाल, रुमालातून फोन. वर वजन पडलं म्हणे, दोन किलोचं. काचेचा पार चुरा, आत दिवा मात्र चालू. फोन मीच विकलेला, दसऱ्याला. प्लॅनसकट.

सर्व्हिस सेंटरचा दर काढला. नवी स्क्रीन साडेअकरा हजार. अख्खा फोन एकोणीसचा. मावशी ऐकून स्टुलावर बसलीच. मी ऐटीत म्हटलं, अहो, वाढीव वॉरंटीचा प्लॅन घेतलाय ना तुम्ही, फुटला तरी एक पैसा लागणार नाही. क्लेम टाकला. आठ दिवस सांगितले. फोन ठेवून घेणार होते, पण तिच्या ऑर्डरी त्याच्यावरच येतात. सोसायट्यांतल्या बायका बोंबलांचे फोटो मागवतात आणि मग भाव करतात. चिकटपट्टी लावून दिली काचेला.

जाताना मूठभर सुकट काउंटरवर ठेवून गेली. दिलीपशेठनी नाक मुरडलं. मालक आहेत, मुरडू देत. डब्यात भरून घरी आणली.

८ एप्रिल, बुधवार

मावशीचा फोन. उचलला तर मावशी नाहीच, नुसता बाजार. ‘अर्धा किलो देव का?’ वगैरे. हॅलो हॅलो केलं, कट. तासाभराने पुन्हा. फुटलेली स्क्रीन आपली आपणच दाबली जाते आणि शेवटचा नंबर लागतो. शेवटचा नंबर माझा. दिवसात पाच वेळा, भुताचे फोन नुसते.

१० एप्रिल, शुक्रवार

क्लेम नामंजूर.

मेल तीनदा वाचला. प्लॅन चालू करतानाचा फोटो दुसऱ्याच फोनचा आहे, गिऱ्हाइकाने खोटी माहिती दिली, सबब प्लॅन रद्द.

पहिल्यांदा कंपनीला चार शिव्या घातल्या. मग आठवलं. चहा तसाच राहिला. कव्हरांचा सगळा स्टँड उतरवून परत लावला, रंगाप्रमाणे. शेठ म्हणाले, ‘आज काय इन्स्पेक्शन आहे का?’

फोटो मी काढलाय.

११ एप्रिल, शनिवार

लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

नियम असा. प्लॅन चालू करायला फोन आरशासमोर धरून त्याच फोनने स्वतःचा फोटो काढायचा. स्क्रीनवर त्याचा पंधरा आकडी नंबर येतो, तो फोटोत दिसला पाहिजे. गिऱ्हाइकाने घरी जाऊन तीन दिवसांत करायचं काम. करतं कोण? आणि चालू झाला नाही तर तो प्लॅन माझ्या टार्गेटात धरत नाहीत. म्हणून मी काउंटरवरच उरकते, छोटा आरसा आहे माझ्याकडे. शेठना वाटतं लोक घरी करतात.

दसऱ्याला हीऽ गर्दी. या बाजूचे लोक नवा फोन घेतला की तिथेच पूजा करतात. मावशीने तर घरून करंडा आणलेला. काचेवर बोट बोट हळदीकुंकू, वर आपट्याचं पान. खाली नंबर कुठला दिसायला? ॲप म्हणे, स्क्रीन अस्पष्ट. देवाचं कुंकू पुसा कसं म्हणायचं? शेजारी डेमोचा फोन होता, तेच मॉडेल, तोच रंग. त्याचा फोटो काढला, तिच्या फॉर्मला लावला. लागलीच हिरवी खूण. कोण बघतंय, फोटो म्हणजे नुसती औपचारिकता, असंच वाटलं. ते बघतात, पण क्लेम आल्यावर.

एकदा जमल्यावर दिवसभर तेच केलं. कुंकू लागलेले सगळे फोन डेमोच्या फोटोवर. आज कॉम्प्युटरवर मोजले. सात.

याच वहीत दसऱ्याचं पान आहे. ‘एकोणीस प्लॅन. पाय गेले. शेठ खूश, पेढे. कोणाची पूजा मोडली नाही.’ शेवटच्या वाक्याखाली रेघसुद्धा मारलीय शहाणीने.

१३ एप्रिल, सोमवार

मावशी आली. शेठनीच गाठलं तिला. दुकानात सातआठ माणसं. ‘मावशी, दुसऱ्याच्या चांगल्या फोनचा फोटो टाकून क्लेम काढता? कंपनी काय खुळी आहे? भाच्याबिच्याने शिकवलं वाटतं.’ एक मुलगी हसली.

मावशी म्हणाली, ‘कसला फोटू? मना फोन उचलायला येतो नि ठेवायला येतो.’ मग माझ्याकडे बघितलं. मी बिलबुकात बघितलं.

तिच्या अंगठ्याला फडकं होतं. काच बोटात जाते आणि दिवसभर हात खारवलेल्या मासळीत. पट्टी सुटली होती, मी नवीन लावून दिली. तेवढंच केलं. ‘बघते मी मावशी’ म्हटलं. काय बघणार आहे कपाळ.

संध्याकाळी रिक्षातून कळंबोलीच्या दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत आले. बसवेना.

१५ एप्रिल, बुधवार

ह्यांना सांगितलं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले तीन महिने अर्धाच पगार, त्यामुळे ह्यांचं उत्तर मला आधीच माहीत होतं. ‘तू गप्प बस. समोरच्या गाळ्यात डुप्लिकेट स्क्रीन, कॉपी डिस्प्ले, बसवून दे तिला, साडेतीन हजारात. आपण भरू.’ वाईट माणूस नाही. घर चालवायचंय.

मलाही पटलं. पटल्यावर बरं वाटायला हवं होतं. भाजी करपली.

१६ एप्रिल, गुरुवार

आज तो फोन आला. भुताचा. कट करणार होते, तेवढ्यात मावशीचा आवाज, शेजारच्या कोणाला तरी सांगत होती. लिहून ठेवते जसंच्या तसं.

‘मी खोटं बोलत नाय. सगल्यांसमोर चोर ठरवली मना. ती काउंटरवरची बाय हाय ना, तिला इचारा. तिच्यासमोर कुंकू लावलाय मी. ती बघतं म्हनाली. ती हाय ना.’

मग कोणीतरी जवळ्याचा भाव विचारला.

स्टोअररूममध्ये जाऊन रडले. रडून झाल्यावर रागही आला तिचा, माझ्यावर एवढा भरवसा टाकायला सांगितलं कोणी? मी कोण तिची?

१७ एप्रिल, शुक्रवार

बाकीच्या सहा जणांना फोन लावले. वाटलं, त्यांचे फोन धड आहेत तोवर फोटो बदलून टाकू. चौघांनी उचलला. रोडपालीचे एक काका दुपारीच हजर, फोन पुसूनबिसून. कंपनीचं पोर्टल बदलच घेईना. चालू झालेल्या प्लॅनचा फोटो बदलता येत नाही. काकांना काहीबाही सांगून परत पाठवलं. एकजण म्हणाला, ‘बरं झालं ताई फोन केलात, परवाच पडला माझा. कोपऱ्यात भेग आहे. प्लॅन आहे म्हणून निवांत आहे मी.’

निवांत. बरं आहे.

१९ एप्रिल, रविवार

सुट्टी. कॉपी डिस्प्लेचे पैसे पाकिटात घालून बाजारात गेले. मावशी पाटीमागे बसलेली. मी उभ्याउभ्याच पाकीट पुढे केलं. तिने हात लावला नाही. ‘बस,’ म्हणाली. खोक्यावर बसले. बसल्यावर सगळंच बाहेर पडलं. आरसा, डेमो, कुंकू, सात.

ती बोंबील निवडत राहिली. मला वाटलं शिव्या देईल, उठून हाकलेल, चारचौघींना बोलावेल. मी तयार होते, खरं तर तेच हवं होतं.

म्हणाली, ‘मग तवाच सांगायचंस ना. मी पुसलं असतं.’

मी म्हटलं, मावशी, देवाचं कुंकू, मला कसंतरी वाटलं.

‘अगं बाय, रोज सकाली काय करतं आमी? देवाला पुसतं, परत लावतं. होडीला बी तसंच. इचारलं का नाय तू?’

नाही विचारलं. आज वही काढून पुन्हा बघितली, दसऱ्याच्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही की मावशी पुसायला नाही म्हणाली. सहा महिने मी मनात धरून बसले होते की हे लोक ऐकणार नाहीत, यांच्या भावना दुखावतील. मलाच गर्दीत दोन मिनिटं वाया घालवायची नव्हती. आणि वर रेघ मारली.

पैसे घेतले नाहीत तिने. ‘पैशाचं मागनं बघू. तुझा शेठ जसा सगल्यांसमोर बोलला, तसं तू सगल्यांसमोर बोल.’ मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. तिने पाव किलो सुकट बांधून दिली आणि तिचे मात्र पैसे घेतले.

२० एप्रिल, सोमवार

शेठना केबिनमध्ये सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी दार लावलं आणि एकदम गोड झाले. ‘वैशाली, हे बघ. कंपनीला कळवलंस तर सातच्या सात फाइली उघडणार. माझी एजन्सी जाईल, तुझी नोकरी जाईल. म्हातारीला दुकानातर्फे कॉपी डिस्प्ले टाकून देऊ, फ्री. ती खूश, तू खूश. मिटलं.’

खरंच मिटत होतं. स्क्रीन मिळते, पगार राहतो. राहतो तो फक्त मेल. ‘गिऱ्हाइकाने खोटी माहिती दिली.’ तो कोण वाचणार आहे?

दिवसभर आरसा पुसत होते.

२१ एप्रिल, मंगळवार

कंपनीला लिहायला घेतलं, स्वतःच्या मेलवरून. ‘सदर फोटो ग्राहकाने नव्हे तर मी’ इथपर्यंत. ड्राफ्टमध्ये आहे. ह्यांना दाखवला नाही.

भुताचे फोन आज आठ.

२२ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी मावशी आली. दुकान भरलेलं. शेठ स्वतः उठले, खुर्ची दिली, चहा मागवला. ‘मावशी, तुमच्यासाठी खास. स्क्रीन आमच्याकडून, फुकट. झालं गेलं विसरून जा.’ मोठ्याने म्हणाले, लोकांना ऐकू जावं असं. एका गिऱ्हाइकाने मानही डोलवली, काय दिलदार मालक.

मावशीने चहा बशीत ओतला. प्यायली नाही. माझ्याकडे बघत होती.

मी काउंटरच्या बाहेर आले. आत उभं राहून जमलं नसतं, मधे काच असते. म्हटलं, ‘मावशींनी काही खोटं केलेलं नाही. चुकीचा फोटो मी काढला. दुकानातल्या डेमो फोनचा. यांना माहीतसुद्धा नव्हतं.’ आवाज चिरका निघाला. कोणाला काही कळलं नसावं, दोघं आपले इअरफोन बघत होते. पण त्या दिवशी हसलेली मुलगी होती, तिला कळलं.

मावशीने बशी संपवली. शेठना म्हणाली, ‘फुकट नको. माझा हक्काचा काय तो दे.’ फोन रुमालात, रुमाल पिशवीत, आणि गेली. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. थांबेल, निदान बरं म्हणेल, असं वाटलं होतं. का वाटावं?

शेठ म्हणाले, ‘उद्या येऊ नकोस. मी फोन करतो.’

रिक्षात बसल्या बसल्या मेल पूर्ण केला. सातही नंबर घातले. पाठवला. कळंबोली आलं तेव्हा उतरले.

२४ एप्रिल, शुक्रवार

घरी. दुसरा दिवस. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं, प्रकरण फेरतपासणीस घेतले आहे. सातही का एकच, ते लिहिलेलं नाही. त्या भेगवाल्या माणसाला मी बुडवलं की वाचवलं, तेही कळायला मार्ग नाही. शेठचा फोन नाही. हे बोलत नाहीत, पण सकाळी जाताना पाण्याची बाटली मी भरायच्या आधी स्वतःच भरून घेतली, म्हणजे राग आहे.

तीन वेळा फरशी पुसली. गॅलरीत गेले, आत आले. फोन वाजला की धावत जाते, शेठ असतील म्हणून.

अकराला वाजला. मावशीचा नंबर. म्हणजे मावशी नाही, काच. तरी उचलला. हॅलो म्हटलं नाही. कानाला लावून ओट्यापाशी उभी राहिले. पाटी सरकवल्याचा आवाज, कोणाचं तरी पोर रडत होतं, बोंबलांवरून घासाघीस. मग बाईमाणसाचा आवाज, ‘काय गं हिराबाय, झाला का तुज्या फोनचा?’

‘नाय अजून.’

‘आनि ती दुकानातली?’

‘ती व्हय,’ मावशी म्हणाली. ‘ती बाय ना, ती’

आणि काचेनेच फोन कट केला. परत लावावा का? लावला तर ती उचलेल, आणि मग मला विचारावं लागेल, ‘ती बाय’ कशी ते.

फोन ओट्यावर उताणा ठेवलाय. बारा वाजत आले. भुताचा फोन अजून एकदाही परत आलेला नाही.