कुठलं बटण, कुठला दिवा

२ फेब्रुवारी, सकाळ
निर्णय झाला. घर विकायचं, फ्लॅटमध्ये जायचं. निर्णय माझा. बायको आणि मुलगी वर्षभर हेच म्हणत होत्या, पण त्याला निर्णय म्हणत नाहीत, घोशा म्हणतात.

कारण बायकोचे गुडघे. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय आणि आमची झोपायची खोली वर. नवा फ्लॅट लिफ्टवाला. बिल्डरनं तो मार्चअखेरपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवलाय. तोवर हे घर विकलं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार. म्हणजे वेळ भरपूर आहे.

काळजी एकच. बायकोला हे घर सोडवेल का? उभं आयुष्य गेलं इथे. तिला जवळ बसवून म्हटलं, मन घट्ट कर. तिनं विचारलं, तिकडे ओट्याखाली ट्रॉल्या आहेत ना? वरवरचा धीर सगळा. आत काय चाललं असेल बिचारीच्या.

आजपासून भावनेला थारा नाही. रोज एक कपाट रिकामं करणार. आणि विक्रीची सूत्रं पूर्णपणे माझ्या हातात.

५ फेब्रुवारी
बायकोनं तीन कपाटं रिकामी केली. मी एक खण. खणात किल्ल्या निघाल्या, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या. परत ठेवल्या. किल्ली टाकली की दुसऱ्या दिवशी कुलूप सापडतं, हा अनुभव आहे. (कुणाचा ते आठवत नाही.)

९ फेब्रुवारी
एजंट आला. प्रत्येक वाक्याला 'हो हो, अगदी' म्हणतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव होयबा ठेवलं. फोटो काढले. मी त्याला घराची माहिती द्यायला लागलो तर म्हणाला, साहेब, गिऱ्हाइकापुढे आपण कमी बोलू या. मी म्हटलं, विमा कंपनीत आयुष्य काढलंय, माहिती लपवली की पुढे क्लेम येतो. तो म्हणाला, हो हो, अगदी. पटलं असावं.

या घराचं वैशिष्ट्य असं की इथली प्रत्येक दुरुस्ती मी स्वतः केली आहे. एकही पैसा मिस्त्रीला नाही. नोकरी विम्याची, पण हात इंजिनिअरचा. त्यामुळे घर कसं चालवायचं हे फक्त मला माहीत आहे. घेणाऱ्याला ते समजावून देणं माझं कर्तव्य आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिलं गिऱ्हाईक. बँकेतलं तरुण जोडपं. मी पूर्ण घर फिरवून दाखवलं. पुढचं दार उचलून, गुडघा लावून, श्वास रोखून ढकलायचं. स्वयंपाकघराचा दिवा बाथरूमच्या बटणावर लागतो, बाथरूमचा जिन्याच्या, आणि जिन्याचा लागत नाही. गीझर चालू असताना कुणी बेल दाबू नये. का, असं त्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, दाबून बघा. तिनं दाबली नाही.

चहा अर्धा टाकून गेले. आजकालच्या मुलांना घर घ्यायचं नसतं, नुसतं बघायचं असतं.

बायको कपाळाला हात लावून बसली होती. घर जाणार म्हणून असेल.

१५ फेब्रुवारी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्ही घर विकताय की घाबरवताय? आईनं चुगली केलेली दिसते. विचार केला. मुलीच्या बोलण्यात तथ्य आहे. दोष सांगायचेच नाहीत, फक्त गुण दाखवायचे. पुढच्या वेळी गळतीपासून सुरुवात.

२० फेब्रुवारी
एक निवृत्त गृहस्थ एकटेच आले. होयबाला उशीर झाला होता, त्यामुळे मला मोकळा हात मिळाला. वरच्या खोलीतली गळती दाखवली. सांगितलं की इतक्या वर्षांत तिनं जागा सोडलेली नाही, बादली नेमकी इथे ठेवली की फरशीवर थेंब नाही. इतकी शिस्तीची गळती दुसरीकडे बघायला मिळणार नाही. गृहस्थ वर बघत राहिले. प्रभाव पडला होता.

मग मागची खोली. तिचं दार आतून उघडत नाही, बाहेरून खालचा कोपरा पायानं दाबावा लागतो. हे सांगणार तेवढ्यात फोन आला, मी बाहेर गेलो, आणि दार लागलं. फोनवर जुना सहकारी होता. तोही घर विकून बसलाय, त्यामुळे विषय लांबला. मला वाटलं, गृहस्थ बाग बघताहेत. होयबानं येऊन त्यांना बाहेर काढलं. घामेघूम झाले होते. मी म्हटलं, बघा, चोर शिरला तर इथेच अडकेल. ते घाम पुसत तडक निघून गेले.

गंभीर माणूस वाटला. फोन करेल.

२४ फेब्रुवारी
केला नाही.

२७ फेब्रुवारी
अखेर तोलामोलाचं गिऱ्हाईक. कंत्राटदार. दोष बघून हसला, म्हणाला चालेल, घेतो. होयबाचा चेहरा फुलला. बायको पदर सावरत पुढे आली. तेवढ्यात त्या माणसानं विचारलं, मधली भिंत पाडता येईल ना? मी विचारलं, का? म्हणाला, हॉल मोठा होईल. मी म्हटलं, त्या भिंतीतून माझी वायर गेली आहे. तो म्हणाला, वायर काय, बदलू. मी म्हटलं, मग तुम्हाला घर द्यायचंच नाहीये मला.

तत्त्वाचा प्रश्न होता. होयबा आज पहिल्यांदा 'हो हो' म्हणाला नाही. चप्पल घालून निघून गेला.

बायकोनं जेवण आटोपलं. मग जिना चढायला लागली. दर पायरीवर थांबत होती, भिंतीला धरून. मी पेपरात तोंड घातलं. चांगलं वाटलं नाही. पण भिंत पाडू देणं म्हणजे फारच झालं.

२ मार्च
मी बायकोला समजावलं की घाई करून चालत नाही, घर पाहावं बांधून असं पूर्वीचे लोक उगीच म्हणत नाहीत. ती म्हणाली, बांधून पाहिलं, आता विकून पाहू द्या. बरीच फटकळ झाली आहे. सगळा भावनिक ताण.

५ मार्च
आज बायको गोड बोलली. फ्लॅटची मापं घ्यायला हवीत, कपाटं कुठे बसतील ते कळायला हवं, आणि हे काम तुमच्याशिवाय कोण करणार, असं म्हणाली. उशिरा का होईना, कदर झाली. टेप घेऊन गेलो. दोन्ही खोल्या, बाल्कनी, लिफ्टसुद्धा मोजली. लिफ्टमध्ये मोजताना दार लागलं आणि एका बाईंबरोबर चौथ्या मजल्यावर जाऊन आलो.

घरी आलो तर सिंकमध्ये चार कप. विचारलं तर म्हणाली, शेजारणी आल्या होत्या.

८ मार्च
बाल्कनीचं माप चुकलंय असं बायको म्हणाली. माझं माप चुकत नाही, पण तिच्या समाधानासाठी परत गेलो. माप बरोबरच निघालं. घरी पुन्हा कप.

शेजारणींचं फार वाढलंय.

११ मार्च
होयबाचा फोन. विक्रीचं विचारेल असं वाटलं होतं. विचारलं काय, तर साहेब, उद्या मापं घ्यायला किती वाजता जाणार? माझ्या कामात रस घेतोय. माणूस सुधारतोय.

१२ मार्च
फ्लॅटच्या खिडक्या मोजल्या. बायकोनं जाताना डबा दिला. म्हणाली, सावकाश या.

१४ मार्च
घर विकलं गेलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलं. मी खिडक्या मोजत असताना त्या येऊन गेल्या, त्यांना आवडलं, बोलणं ठरलं. आज मला फक्त सही करायला बोलावलं. बाई चांगल्या आहेत, नम्र आहेत. पण त्यांना कुणीच काही समजावलेलं नाही. मी बायकोला विचारलं, दिव्यांचं सांगितलंस का? म्हणाली, सांगितलं की वायरिंग जुनं आहे. एवढंच! माझ्या सगळ्या हयातीतल्या कामाला एक शब्द. जुनं.

माझ्या पाठीमागे झालं याचं वाईट वाटलं. पण विक्रीची सूत्रं माझ्याच हाती होती, हेही खरं. योग्य वेळी बाजूला होणं हा सूत्रं सांभाळण्याचाच भाग आहे.

डॉक्टरीणबाईंना मात्र वाऱ्यावर सोडणार नाही. नंतर जाऊन एकेक गोष्ट शिकवीन.

३० मार्च
आलो राहायला. निघताना बायकोला आधार द्यायला रुमाल खिशात ठेवला होता. तिनं कुलूप लावलं, टेम्पोवाल्याला म्हणाली, चला. रुमाल मी वापरला. धूळ फार होती.

फ्लॅट. बटण दाबलं की तोच दिवा लागतो. दार ढकललं की उघडतं. नळ, गीझर, बेल, सगळं आपापलं. यात माणसाची गरज काय? दिवसभर खुर्चीत बसलो. बायको या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होती. काम नव्हतं काही. फिरत होती. कशालाही धरत नव्हती.

४ एप्रिल
जुन्या घरी जाऊन आलो. बाईंनी आत घेतलं, पाणी दिलं. दार कसं उघडायचं ते सांगितलं. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या, मधूनमधून घड्याळ बघत होत्या.

७ एप्रिल
पुन्हा गेलो. बाई म्हणाल्या, पेशंट थांबलेत. आज रविवार, तरी पेशंट. निष्ठा म्हणजे काय ते अशा लोकांकडून शिकावं. तरी दारातूनच बाथरूमचं बटण समजावलं.

११ एप्रिल
नवी बेल बसवलीय, कॅमेऱ्याची. तीन वेळा दाबली. पडदा हलला पण दार उघडलं नाही. दार अडकलं असणार. बाहेरून ओरडून सांगितलं, उचला, गुडघा लावा, श्वास रोखा. समोरचे लोक गॅलरीत आले.

परवा परत जाईन. माझ्याशिवाय त्या बाईंचं कसं होणार?

१३ एप्रिल
जाणं झालं नाही. निघणार तर बायको म्हणाली, अहो, ओट्याखालच्या ट्रॉलीचं हँडल ढिलं झालंय. बघितलं. खरंच. मी आधीपासून म्हणत होतो की बिल्डरचं काम कच्चं आहे. पेचकस काढला. जाम आवळलं. बरं वाटलं.

१६ एप्रिल
दुसरं हँडल. यांनी स्क्रू कुठून आणलेत कोण जाणे. आजही जुन्या घरी जाता आलं नाही. इथून हलता येत नाही हो. मी होतो म्हणून निभावलं, नाहीतर हे स्वयंपाकघर महिनाभरात खाली बसलं असतं.

२१ एप्रिल
पहिलं हँडल पुन्हा. बिल्डरच्या माणसाला बोलावून खडसावलं. त्यानं सगळ्या मजल्यांवर चौकशी केली. कुणाचंच ढिलं होत नाही, फक्त आमचं. मी त्याला समजावलं की आमची भिंत लिफ्टला लागून आहे, लिफ्टच्या हादऱ्यानं स्क्रू सुटतात. तो बायकोकडे बघायला लागला. बायको भांडी आवरायला लागली.

संकल्प: हादऱ्यांवर कायमचा उपाय शोधणार. सध्या आवळण्याचा जोर वाढवला आहे.

२८ एप्रिल, दुपार
सकाळी मुलीचा फोन. बोलता बोलता तिची जीभ घसरली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळं वायरिंग बदलून घेतलं, दार तर आल्या दिवशीच तासून घेतलं. आणि आईला फोन करून अगदी अजिजीनं सांगितलं की काकांना येऊ नका असं तुम्हीच काहीतरी करून सांगा, माझ्यानं बोलवत नाही. मग मुलगी घाईघाईनं म्हणाली, बाबा, मी काही बोलले नाही हं.

गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्यबाईच म्हणताहेत. म्हणजे मी ४ तारखेला ज्या दाराचं शिक्षण दिलं ते दार तेव्हाच उघडत होतं. बिचाऱ्या श्वास रोखून ऐकत होत्या.

जेवून आडवा झालो. झोप लागेना. पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात बायको. माझ्याकडे पाठ. स्टुलावर बसून ट्रॉलीच्या हँडलचा स्क्रू भाजीच्या चाकूच्या टोकानं फिरवत होती. तो हलत नव्हता. थांबून तिनं मनगट झटकलं, चोळलं, पुन्हा चाकू लावला. मी हा स्क्रू परवा सगळा जोर लावून आवळला होता.

पाय न वाजवता परत आलो. पलंगावर पडलो, डोळे मिटले. झोपल्याचं सोंग घेतलं. खोकलो नाही.

थोड्या वेळानं तिची हाक. अहो, उठता का जरा, ते हँडल परत ढिलं झालंय.

गेलो. पेचकस काढला. म्हटलं, लिफ्टचा हादरा. ती म्हणाली, असेलच, तुम्ही होतात म्हणून. मी हँडल बसवलं. ती शेजारी उभी राहून बघत होती.

स्क्रू पुरता आवळला नाही. अर्धा फेरा सैल ठेवला. उद्या तिच्या मनगटाला त्रास नको.