रोह्यापुढची मोरी

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, तरी तुझ्याशी माझं भांडण संपलेलं नाही. तेच पुढे चालवायला बसले आहे. माफीबिफी मागणार नाही, हे आधीच सांगते.

पेणला रामवाडीजवळच्या सिमेंट पाइपांच्या कारखान्यात तू पाणी मारायचीस. साच्यातून निघालेल्या पाइपांवर ओली गोणपाटं टाकायची आणि ती सुकू द्यायची नाहीत, एवढंच काम. पण तुम्ही बाया ते तान्ह्या पोराचं करावं तसं करायचात. मिठागरावर वाढलेली तू, टँकरचं पाणी खारं तर नाही ना, हे आधी जिभेवर घेऊन बघायचीस. मग रोह्यापुढे कोकणात जाणाऱ्या रेल्वेचं काम निघालं, रुळांखालून पाणी जायच्या मोऱ्यांना पाइप लागणार होते, आपली कंपनी मुंबईच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली, आणि नव्या साहेबांनी सांगितलं की यापुढे पाइप रोह्याच्या कारखान्यात वाफेवर पक्के होतील, पाणी मारायला बायांची गरज नाही. तुम्ही गेटवर ठाण मांडलंत. त्याच आठवड्यात मला त्या वाफेच्या खोलीवर नोकरी लागली.

ती सकाळ अजून तशीच आहे. तू चुलीपाशी भाकरी थापते आहेस, मी डबा घेऊन उभी आहे. वर न बघता तू म्हणतेस, "वाफेनं भात शिजतो गो, पाइप नाय. आमच्या पोटावर पाय देऊन चाललीस, तर जा." मी म्हणते, "जाते. मी नाय गेले तरी तुमचं काम परत येणार हाय का?" तरी भाकरी तू डब्यात घातलीस, आणि मी ती गाडीतच रागारागाने संपवली.

आणि मी बरोबरच होते. साहेबांनी मला ऑफिसात बसवायचं बघितलं, मी वाफेपासून हटले नाही. तुमच्यातल्या दोघींना भांडून रोह्याच्या शिफ्टला लावलं. तुझ्यासाठीही शब्द टाकला होता, तू साफ नाही म्हणालीस. पुढे गाड्या सुरू झाल्या, तरी माणगावला मावशीकडे तू मरेपर्यंत एसटीनेच गेलीस. "तुझ्या वाफेच्या पाइपांवरनं मी नाय जायची," हे तुझं ठरलेलं.

आता ऐक. काम ऐन भरात असताना रोह्याचा बॉयलर बंद पडला. पावसाळा तोंडावर, रुळांखालच्या मोऱ्यांना पाइप हवेत आणि साहेब हवालदिल. मीच म्हटलं, पेणच्या यार्डात पाइप पडून आहेत. ट्रक आले तेव्हा त्या पाइपांवर गोणपाटाची वीण उमटलेली दिसली. तुमचा शेवटचा माल. तो रोह्यापुढच्या एका मोरीत गेला. म्हणजे गाडी तुझ्याच पाइपांवरून जात होती, आणि तू हायवेवर एसटीत धक्के खात होतीस.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. रोज रात्री शेजारी जेवायला बसायचो, तरी नाही. सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस, आणि ते मला बघवलं नसतं. हा कागदही कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते: परवा मी मुद्दाम त्या मोरीपाशी जाऊन आले. एकही तडा नाही. झालं समाधान?