शेवटच्या ओळीतलं नाव

आनंदराजला अक्काचा जयभीम.

लातुरात कोचिंगच्या पोरींच्या मेसमधी मी पोळ्या लाटते. काल त्याच पोरींनी मला तुझ्यावरचा सिनेमा बघायला नेलं.

किल्लारीचं आपलं घर भूकंपात पडलं ते खरं दाखवलंय. पण त्यात मी भिंतीखाली मरते अन् माझ्या मढ्याजवळ तुला पहिलं गाणं सुचतं. सगळं थेटर रडलं. मीबी रडले.

ते गाणं भूकंपाच्या वरीसभर आधी मी जात्यावर रचलं होतं रे. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, हे मला ठावं होतं. तरी तिथं मीच तुझं नाव घातलं. बाईचं गाणं म्हणून गायन पार्टीवाले हसतील, तुला स्टेजवर घ्यायचे न्हाईत, असं वाटलं. तू म्हणाला होतास, "अक्का, मोठा झालो की तुझं नाव घालतो."

म्हणून सिनेमा सरल्यावरबी पडद्यावरची सगळी नावं वाचत बसले. दिवे लागले तवा उठले.

वाटेत एकीनं विचारलं, "मावशी, त्यांची बहीण खरंच मेली का हो?"

"हाव," म्हणलं, "मेली बिचारी."

आता मेलेल्या बाईनं पत्र कसं धाडावं? पिठाच्या डब्याखाली ठेवून देते.

तुझी अक्का,
भीमा