आपली टीम, आपकी टीम

बाबा,

परवा घरात सगळे जमले होते आणि जेवताना माझ्या भाचेसुनेने तुमची ती गोष्ट पुन्हा सांगितली. आजोबांनी जयपूरला ‘आपली’ म्हणायच्या ऐवजी ‘आपकी’ म्हटलं आणि अख्खी हॉकीची टीम शाळेला देऊन टाकली, ती गोष्ट. सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही, ताक वाढत राहिले. त्या पंगतीत तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेली मी एकटीच होते, आणि तुमची आठवण म्हणून घरात आता ही एवढी एक फजितीच उरली आहे. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. नरम लिहिणार नाही, आधीच सांगते. पोरीची जीभ तिखट आहे असं तुम्हीच म्हणायचात, आणि वयाने तिखट काही कमी होत नाही.

तुमची बदली होऊन आपण जयपूरला आलो तेव्हा मी चौथीत होते. चांदपोल दरवाज्याच्या बाहेर दोन खोल्या, पुढे अंगण, आणि अंगणातून दिसणारं ते धुळीचं मैदान. तिथे एक क्लब हॉकी खेळायचा. क्लब म्हणजे काय, तर नगीने, म्हणजे दागिन्यांतले खडे, घासणाऱ्या कारखान्यांतली मुलं, एक टांगेवाला, तारघरातले दोघं कारकून आणि चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या, शाळांमधली पोरं. तुम्ही ऑफिसातून येताना तिथे उभे राहायला लागलात, मग शिट्टी वाजवायला लागलात, आणि वर्षभरात सेक्रेटरी झालात. हे मी मुद्दाम लिहिते आहे. क्लब तुम्ही काढलेला नव्हता. तुम्ही यायच्या कितीतरी आधीपासून ती माणसं तिथे खेळत होती. तुम्ही चुन्याच्या रेघा मारल्यात, भिश्त्याला सांगून मैदानावर पाणी मारून घेतलंत, गोलकीपरच्या पायांना बांधायला आपली जुनी जयपुरी रजई कापून दिलीत. आईने त्या रजईवरून आठ दिवस अबोला धरला होता. तुटलेल्या स्टिका जोडायला तुम्ही सरस तापवायचात आणि त्या वासाने आई तोंडाला पदर लावून म्हणायची, “माझ्या शेगडीवर हे नको, अंगणात वेगळी पेटवा.” मग अंगणात दुसरी शेगडी आली. मी तिच्याशेजारी बसून सुतळी धरायची, आणि तुम्ही ती स्टिकेवर गच्च गुंडाळत जायचात.

मला पहिली स्टिक तुम्हीच दिलीत. मोठ्या माणसाची स्टिक वरून करवतीने कापून माझ्या कमरेला आणलीत, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलंत आणि म्हणालात, “चल.” एवढंच. मुलगी आहे, फ्रॉक आहे, लोक बघतील, असलं काही नाही. क्लबात एक रीत होती. येईल त्याने आपली स्टिक मैदानाच्या मधोमध टाकायची. ढीग झाला की तुम्ही डोळ्यांवर रुमाल बांधायचात आणि चाचपडत एकेक स्टिक उचलून एक डावीकडे टाकायचात, एक उजवीकडे. ज्याची स्टिक जिकडे पडली, तो त्या बाजूचा. तारघरातला कारकून, नगीनेवाला पोरगा, वकिलाचा मुलगा आणि मी एका बाजूला येतो आहोत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी लेफ्ट हाफला खेळते आहे. माझ्या पायावर चेंडू लागला तर “बाईसा, लगी तो नहीं?” म्हणून सगळे थांबतात, आणि मी ओरडते, “खेळा ना, थांबता काय!” मराठीत ओरडते, तरी त्यांना कळतं.

मी तेरा वर्षांची झाले आणि बोलणं सुरू झालं. सांगलीहून आत्या आली होती, ती जाताना म्हणाली, “मोठी झाली हो आता, किती दिवस मुलांत धावणार?” शेजारच्या बाया आईला विचारायच्या. आई माझ्याकडे बघायची आणि तुमच्याकडे बघायची. तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. मला वाटायचं, तुम्ही माझ्या बाजूने आहात म्हणून बोलत नाही.

त्याच हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, जवळच्या शाळेचे हेडमास्तर मैदानावर आले. बरोबर नवे खेळाचे मास्तर होते, पांढरेशुभ्र बूट घातलेले. आम्ही सगळे तिथेच उभे होतो, म्हणून पुढचा शब्दन् शब्द मी ऐकलेला आहे. हेडमास्तर म्हणाले, “बाबूजी, हमारे स्कूल के काफ़ी लड़के आपके यहाँ खेलते हैं. अब स्कूल की टीम बन रही है. आपको कोई एतराज़ तो नहीं?” आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, “एतराज़ कैसा, साहब? टीम आपकी ही है.” हेडमास्तर खूश झाले. त्यांनी तुमचा हात हातात घेतला.

आठवड्याभरात शाळेने फर्मान काढलं. शाळेच्या मुलांनी बाहेरच्या कुठल्याही टीमकडून खेळायचं नाही, खेळलं तर शाळेच्या टीममधून नाव जाणार. मैदान नगरपालिकेचं होतं, तिथल्याही रोजच्या संध्याकाळी शाळेने मागून घेतल्या. आम्हाला रविवार उरला. आपल्या अकरातले सात जण एका फटक्यात गेले. त्यांना बूट मिळाले, नव्या स्टिका मिळाल्या, सामन्याच्या दिवशी दूध आणि केळी मिळायला लागली. त्यांचा मला राग नव्हता. आजही नाही. पण जे उरले ते कोण होते, आठवतं का? ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं ते, नाहीतर ज्यांची शाळा कधीच मागे पडली होती ते. आणि एक मी, जिला मुलांच्या शाळेची टीम सात जन्मांत घेणार नव्हती. शाळेच्या टीमला दार होतं, बाबा. आपल्या मैदानाला नव्हतं. हा फरक तुम्हाला कळत नव्हता असं मला कुणी सांगू नये.

गोलकीपर, तो आपल्या रजईचे पॅड बांधणारा, मला अंगणाच्या फाटकाशी भेटला. दिवसभर सानेच्या चाकावर नगीने घासून त्याची बोटं हिरवट झालेली असायची. तो म्हणाला, “बाईसा, बाबूजी ने हमें दे दिया क्या?” रागावून नाही म्हणाला. दुकानात एखाद्या वस्तूचा भाव विचारावा तसं साधं विचारलं. त्याने मला जे काही झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी उभ्या उभ्या बोलले, “नहीं, नहीं. हमारी मराठी में ‘आपली’ बोलते हैं, मतलब अपनी, सबकी. बाबा को वही बोलना था. हिंदी कच्ची है ना उनकी, ‘आपकी’ निकल गया.” तो मोठ्याने हसला. “अरे, तो ज़बान फिसल गई बाबूजी की!” रविवारपर्यंत सगळ्या कारखान्यांत ते पसरलं होतं. सगळ्यांनी तुम्हाला माफ करून टाकलं. त्या दिवसापासून ही गोष्ट आपल्या घरात आणि घराबाहेर सांगितली जाते आहे. पहिल्यांदा सांगणारी मी.

पण मी तेवढ्यावर थांबले नाही. सोमवारी माझी शाळा सुटल्यावर मी तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेले. चपराशी अडवत होता, त्याच्या हाताखालून गेले. मी म्हटलं, “सर, मेरे पिताजी ने टीम दी नहीं थी. उन्हें ‘अपनी’ कहना था. लड़कों को रविवार को हमारे साथ खेलने दीजिए.” हेडमास्तर चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि हसून म्हणाले, “बिटिया, आपकी हो या अपनी, बात तो एक ही हुई ना? खेलेंगे तो बच्चे ही.” मी म्हटलं, “एक नहीं है, सर. ‘अपनी’ में मैं भी हूँ.” त्यावर ते म्हणाले की याबद्दल ते तुमच्याशी बोलतील.

ते बोलले, आणि संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. एरवी तुम्ही पान वाढल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचा नाहीत. आई पोळ्या लाटत होती, मी पिठाचा डबा लावत होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “शब्द माझा होता. त्याचा अर्थ लावायला तुला कोणी सांगितलं होतं?” मी म्हटलं, “तुम्ही चुकलात म्हणून मी सांगितलं.” तुम्ही म्हणालात, “मी चुकलो असं मी तुला म्हटलं का?” आई म्हणाली, “पोळी तव्यावर आहे, नंतर बोला.” नंतर आपण कधीच बोललो नाही. तुम्ही कोट घातलात आणि बाहेर गेलात. पुढच्या रविवारी तुम्ही मैदानावर आला नाहीत. ऑफिसचं काम आहे म्हणालात. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

तर ऐका, पुढे काय झालं ते, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही आला नाहीत म्हणून स्टिकांचा ढीग तसाच पडून होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओढणी डोळ्यांवर बांधली आणि एकेक स्टिक उचलून टाकायला लागले. त्या दिवसापासून ते काम माझं झालं. आम्ही पाच जण, सहा जण, कधी चौघंच असायचो. नगीनेवाल्यांनी आपल्या धाकट्या भावांना आणलं. टांगेवाला घोडा झाडाला बांधून खेळायचा. तुमच्या कानावर आलंच असेल, आम्ही शहरातल्या सामन्यांत उतरलो आणि पहिल्याच सामन्यात सपाटून मार खाल्ला. मला तर पंचांनी बाहेरच बसवलं, मुलगी म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा उतरलो, पुन्हा हरलो. माझं पंचांशी भांडण झालं, ते मात्र मी हरले नाही. आत्या पुन्हा आली तेव्हा मी चिखलाच्या पायांनी तिच्या पाया पडले.

आणि एकोणीसशे साठ उलटल्यावर, मी कॉलेजात असताना, ते परत यायला लागले. आधी वकिलाचा मुलगा आला. मॅट्रिक झाला, शाळा संपली, शाळेबरोबर टीमही संपली, बूट परत करावे लागले. खेळायची भूक मात्र शाळेत जमा करता आली नव्हती. एका रविवारी तो मैदानाच्या कडेला बराच वेळ उभा राहिला, मग घरचेच जोडे घालून मधोमध आला आणि त्याने ढिगात स्टिक टाकली. गोलकीपर फक्त म्हणाला, “भैया, जूते उतार दो, यहाँ सब नंगे पाँव हैं.” त्याच्यामागून बाकीचेही एकेक करून आले. शाळेची टीम चांगली होती, तिने करंडक जिंकले, मी नाही म्हणत नाही. पण ती चार वर्षांची सोय होती. माणूस जन्मभर खेळतो. जयपूरहून तुमची बदली झाली तेव्हा मैदानावर आम्ही चोवीस जण होतो, आणि माझ्या कॉलेजात मुलींची टीम नव्हती, ती मी काढली. तुम्ही मला थांबवलं नाहीत. तुम्ही मला कधीच, कशालाच ‘नको’ म्हणाला नाहीत. तेच मला इतक्या वर्षांनी गिळता येत नाही.

कारण हेडमास्तर आले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एक दुपार होती. शेजारच्या शर्माजींच्या बायकोने कैरीचं लोणचं आणलं होतं. मी मध्येच काहीतरी उद्धट बोलले, तर आई तिला म्हणाली, “डाँटो उसको, आपकी ही लड़की है.” ती गेल्यावर तुम्ही खो खो हसलात. म्हणालात, “अगं, आपली म्हणजे अपनी. आपकी म्हणजे त्यांची. लेक देऊन टाकलीस की तिला!” आई लाजली. तुम्ही तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत, अपनी, अपनी, अपनी. माझ्या जन्माआधी तुमची कितीतरी वर्षं झाशीला गेली होती. हिंदीत तुम्ही हिशेब करायचात, हिंदीत रागवायचात, झोपेतसुद्धा हिंदीत बोलायचात. मी तिथेच उंबऱ्यावर बसून लोणच्याची फोड चोखत होते.

पोरांना बूट मिळावेत म्हणून तुम्ही टीम दिलीत, की क्लब मोडला म्हणजे मुलीचं खेळणं आपोआप बंद होईल, वाईटपणा न घेता, म्हणून दिलीत? मला वाटतं, दुसरं. दोन्ही असलं तरी ती टीम तुमची नव्हती, बाबा. द्यायची नव्हती. आणि मोडलीही नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही. पुढच्या वेळी पंगतीत ती गोष्ट निघाली की मी पुन्हा तशीच सांगू देणार आहे. चुकलेला बाप मला चालतो, त्याच्यावर हसताही येतं. पण एकदा कुठेतरी लिहून ठेवायचं होतं, म्हणून लिहिते. तुमची हिंदी चांगली होती.