दार आतून उघडायला हवं

सोमवार, ३ मार्च

गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. हे आधी लिहितो, कारण दिवसभरात माझ्या हातून बरी अशी एवढीच गोष्ट झाली.

सासरे दुपारी आमच्या चिमणीला शाळेतून आणायला गेले. नेहमीसारखेच. शाळेच्या फाटकाशी वळवताना गाडी भिंतीला घासली, एक आरसा गेला, आणि ती तशीच घरापर्यंत आणली. पोर मागच्या सीटवर. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, "आजोबा सिग्नलला झोपले होते. मी हलवलं तेव्हा उठले." सात वर्षांची आहे. शाळेत आज काय शिकवलं हे सांगावं, तसं सांगितलं.

ही लॅबमधून आली. ऐकून घेतलं, हात धुतले, आणि त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "एक तर तुम्ही इथे राहाल, नाहीतर आम्ही." बाबा बुटांसकट पलंगावर बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले, तेव्हापासून मी हिचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता.

मंगळवार, ४ मार्च

ही त्यांच्याशी बोलत नाही. "त्यांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." ते समोरच बसलेत! मी घरातलं पोस्ट ऑफिस झालोय.

गुरुवार, ६ मार्च

बाबांची दारू सुटावी म्हणून व्यसनमुक्ती केंद्र बघायला गेलो. कारखान्यातल्या मुलांना सांगितलं, गिऱ्हाईकाकडे सोफ्याचं माप घ्यायला जातोय. पायरीपासून संगमरवर. दारात कारंजं. टाय लावलेल्या माणसाने कॉफी दिली आणि रक्कम सांगितली. कॉफी तशीच राहिली.

मी म्हटलं, "पण ते यायला तयार नाहीत."

"त्याची चिंता करू नका. आमची गाडी येते. सोबत चार माणसं असतात."

"म्हणजे?"

"उचलून आणतात. शेजाऱ्यांना कळत नाही. तुम्ही फक्त सही करायची."

मी आगाऊ रक्कम भरून आलो. खरं लिहायचं तर बाहेर पडल्यावर मला हलकं वाटलं. आता कुणीतरी दुसरं बघून घेईल. हिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "येऊ दे गाडी," म्हणाली. मग एकच बशी बराच वेळ पुसत राहिली.

शनिवार, ८ मार्च

आज खुर्चीच्या पाठीला कापड ताणत होतो, तोंडात खिळे. वर बघतो तर सासरे कारखान्याच्या दारात. दाढी केलेली, गालावर दोन ठिकाणी कापलेलं. हातात त्या केंद्राचं चकचकीत पत्रक.

"तुमच्या कोटात होतं. किल्ली शोधत होतो," म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. "उचलून नेणार होतात मला?"

मी खिळे तोंडातून काढले.

"मला विचारलं असतंत तर?"

"आला असतात?"

"नाही." मग म्हणाले, "पण विचारायचं होतं."

स्प्रिंगा बाहेर आलेल्या एका आरामखुर्चीत ते जपून बसले. माझी माणसं एकदम कामात गर्क झाली. बाबांचे हात मांडीवर थरथरत होते, त्यांनी ते गुडघ्यांमध्ये दाबून धरले. मग विचारलं, "अशी किती ठिकाणं आहेत?"

"शोधली तर सापडतील चार-पाच."

"मग बघू या की. जन्मभर लोकांच्या लिफ्टा तपासल्या. ही तर जमिनीवरची घरं."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. किती महिन्यांनी, देव जाणे.

सोमवार, १० मार्च

कारंज्यावाल्यांनी आगाऊ रकमेतली निम्मी परत केली. निम्मी "प्रक्रियेची". कसली प्रक्रिया, तर माझी कॉफी ओतण्याची असेल.

मग बाबांना घेऊन दुसरं केंद्र. वाटेत म्हणाले, "आधीच सांगतो, सकाळी घेतलीय. नाहीतर हात थांबत नाहीत." मी म्हटलं, बरं. एवढं सरळ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

तिथला व्यवस्थापक माझ्याशी बोलत होता, आणि बाबा आपले फिरत होते. नळ सोडून पाहिला. खिडकीचे गज हलवले. एका खोलीपाशी थांबले, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"कडी बाहेरून का?"

"सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

व्यवस्थापक माझ्याकडे बघून हसला, म्हातारा डोक्याने गेलाय अशा अर्थाने. बाबा बाहेर जाऊन गाडीत बसले. मी आत बसल्यावर म्हणाले, "लिफ्ट अडकली तरी आतल्या माणसाला बाहेर काढायची सोय असते. दार आतून उघडत नाही तिथे मी राहणार नाही. बाकी सगळं चालेल."

हिला हे सांगितलं. "अटी घालतायत?" म्हणाली. पण मी केलेली केंद्रांची यादी मागून घेतली आणि दोन जागांवर स्वतः फुली मारली. त्यातल्या एका ठिकाणाहून हिच्या लॅबकडे रक्ताचे नमुने येतात, ते कधी वेळेवर येत नाहीत म्हणे.

बुधवार, १२ मार्च

मिळालं, बहुतेक.

दोन मजली साधं घर. मागे दोरीवर चादरी वाळत होत्या. कारंजं नाही. डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती, टेबलावर रुमालांचा ढीग. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला आणि बाबांना विचारलं, "काका, तुम्हाला काय हवंय?"

बाबांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नातीला शाळेतून आणायचंय."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. चादरींवर निळ्या रेघा होत्या.

बाईंनी एकेक विचारलं. किती घेता, कधीपासून, बरोबर आणखी काही? बाबांनी सांगितलं. मला वाटत होतं त्याच्या दुप्पट. वर झोपेच्या गोळ्या. गोळ्यांचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई गेल्या त्या आठवड्यापासून, म्हणाले. ही रोज लोकांचं रक्त तपासते आणि घरातल्या माणसाचं कळलं नाही, हे तिला कसं सांगायचं याचीच मला धास्ती.

"घरी एकदम बंद करू नका," बाई म्हणाल्या. "फिट येऊ शकते. पहिले दिवस आमच्या नर्सच्या नजरेखाली, औषधं देऊन, हळूहळू."

बाबांनी विचारलं, "सुटेल याची खात्री देता?"

"नाही."

"मग पैसे कशाचे घेता?"

"खोलीचे. नर्सचे, औषधांचे. रोज तुमच्याशी कुणीतरी खरं बोलेल, त्याचे."

बाबा उठले, खोल्या बघून आले. दारांना आतून कड्या, बाहेरून काही नाही. जिन्यात वाकून काहीतरी पाहिलं, तेही पसंत पडलेलं दिसलं. गाडीत म्हणाले, "बाईने खोटा दाखला दिला नाही. इथेच."

जीव भांड्यात पडला. मी वाटेत उगाचच बेकरीत थांबलो आणि केक घेतला. कशाचा, तर कशाचाच नाही.

गुरुवार, १३ मार्च

तीन महिने राहायचं, दर महिन्याला पैसे भरायचे. मी नव्या शिवणयंत्रासाठी बाजूला टाकलेत, ते द्यायला तयार होतो. बाबांनी ऐकूनच घेतलं नाही.

"दारू मी माझ्या पैशाने घेतली. ती सोडेनही माझ्याच पैशाने."

"बाबा, पेन्शनमध्ये भागणार नाही."

"माझी गाडी आहे ना."

संध्याकाळी कोपऱ्यावरचा मेकॅनिक गाडी विकत घेऊन गेला. आरशाचे पैसे कापलेच. घासाघीस करायला बाबाच पुढे, मी नुसता उभा. शेवटच्या महिन्याला थोडी रक्कम कमी पडतेय, ती मी भरायची असं ठरलं. त्यावर त्यांनी पुष्कळ कटकट करून मान डोलावली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ही खिडकीत उभी होती. आज तिने जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

रविवार, १६ मार्च

सोडून आलो.

पिशवी हिने भरली. गरम मोजे, वाचायचा चष्मा, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला जाड टॉवेल. निघताना दारात मला म्हणाली, "त्यांना सांग, टॉवेल तळाशी आहे." ते हाताच्या अंतरावर उभे.

"कळलं म्हणावं," बाबा मला म्हणाले.

चिमणीला सांगितलंय, आजोबा बरे व्हायला गेलेत. "कशातून?" तिने विचारलं. "झोपेतून," ही म्हणाली. मला यापेक्षा बरं सुचलं नसतं.

केंद्रात नर्सने पिशवी उपसली. दाढीनंतर लावायचं पाणी तेवढं काढून घेतलं. बाबा म्हणाले, "ते पिण्याइतका मी खाली गेलो नव्हतो." नर्स म्हणाली, "शेजारच्या खोलीतले गेले होते." दोघं हसले.

घरी येऊन भर दुपारी झोपलो. स्वप्न नाही, काही नाही. उठलो तर हिने माझ्या अंगावर चादर टाकलेली.

सोमवार, १७ मार्च

घरात शिरताना वास घ्यायची सवय जात नाही.

रविवार, ६ एप्रिल

भेटीचा दिवस. ही आली नाही. बाबा वाळलेत, पण नजर थाऱ्यावर आहे. पहिला आठवडा फार वाईट गेला म्हणाले, भिंतीवरून मुंग्या चालताना दिसायच्या. "दार उघडं होतं. दोनदा फाटकापर्यंत गेलो." मग? "मग काय. निवडलं मीच होतं. तोंड कुणाला दाखवू?"

खोलीतला सोबती घोरतो. गटात बसवून बोलायला लावतात. "सगळे थापाडे. त्यात मी जुना." जिन्याचा कठडा सैल आहे, याचा अर्ज त्यांनी बाईंकडे दिलाय. म्हणजे तब्येत सुधारतेय.

त्यांनी हिची चौकशी केली नाही. मी निघताना मात्र फाटकापर्यंत आले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

रविवार, ११ मे

आज ही आली. घरच्यांच्या बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय? "नाही." बाबा पायाच्या बोटांकडे बघत होते. त्यांनीच सुरुवात केली. सिग्नलपाशी झोप लागली ते सांगितलं, सगळं, काही न वगळता. पोरीचा हात खांद्यावर लागला तो अजून जाणवतो म्हणाले. ही उठून अंगणात गेली.

येताना बसमध्ये खिडकीशी बसली होती. बरीच गावं मागे गेल्यावर म्हणाली, "राग होता तेव्हा काय करायचं ते माहीत होतं. तो गेला तर मी त्यांच्याशी बोलायचं काय?"

मी तिच्या मांडीवरची पर्स माझ्याकडे घेतली, तिला नीट टेकता यावं म्हणून.

रविवार, १५ जून

बाबा घरी. शेवटच्या महिन्याची माझी रक्कम भरली, पावती त्यांनी मागून घेतली. चिमणीने त्यांना जिन्यातच गाठलं आणि वरपर्यंत एकदाही तोंड मिटलं नाही. ही स्वयंपाकघरात. "त्यांना सांग, पलंगावर नवी चादर घातलीय."

सांगितलं. पोस्ट ऑफिस चालू आहे, पण पत्रं आता बरी येतात.

बुधवार, २५ जून

रोज सकाळी चालायला जातात. येताना पाव आणतात. बाईंनी दिलेल्या गोळ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे, तीही त्यांनीच दिलेली. आज कारखान्यात येऊन दिवसभर जुने खिळे उपटत बसले. मला खूप दिवसांनी काम करता करता गाणं गुणगुणावंसं वाटलं. माणसं हसली. हसू देत.

शुक्रवार, ११ जुलै

आज बाबा प्यायले. दुपारी फोन आला, जीभ जड. "पुलाजवळच्या बाकावर बसलोय. घेतलीय मी. घ्यायला या."

इतक्या वर्षांत पिऊन आपणहून कधी बोलावलं नव्हतं. हिची सुट्टी होती, ती शेजारीच उभी होती, सगळं ऐकलं तिने. आता काय होतंय म्हणून मी तिच्याकडे बघितलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"बाबा," म्हणाली, "तिथेच बसा. मी येतेय."