एकेचाळीस मरणं आणि एक दाढ

प्रिय दादा,

"मरताना माणूस काहीतरी बोलतोच," असं तू मला ठासून सांगितलं होतंस. तू बारा वर्षांचा, मी आठची. कॉटवरून उशीसकट गडगडत खाली आलास, माझा हात धरून लांबलचक निरोप दिलास आणि मान टाकलीस. मी विचारलं, "पण तुला झालंय काय?" तू एक डोळा उघडून म्हणालास, "भोचक भवानी, मेलेल्याला प्रश्न विचारतात का?"

पुढे तोच प्रश्न विचारायचा मला पगार मिळू लागला, ही गंमतच. मृत्युनोंदणीच्या ऑफिसात रोज माझ्या टेबलावर डॉक्टरांनी भरलेले दाखले येतात. काही जण घाईत 'हृदय बंद पडले' एवढंच लिहितात. मी दाखला परत पाठवते. हृदय काय, सगळ्यांचंच बंद पडतं. कशामुळे, ते खालच्या ओळीत हवं असतं. मग फोन येतो, "बाई, मेलेल्याला काय फरक पडतो?" त्याला नाही पडत, मागे राहिलेल्यांना पडतो.

गेल्या महिन्यात पाय मुरगळून घरी बसले होते, तेव्हा तुझे सगळे सिनेमे ओळीने पाहिले आणि सवयीने वहीत तुझी मरणं लिहीत गेले. एकेचाळीस भरली. सत्तावीस वेळा गोळी, सहा वेळा सुरा, पाचदा उंचावरून पडणं, दोनदा विष आणि एकदा मगर. मगरीच्या तोंडातूनही तू आईला निरोप दिलास! पण रक्तदाब नाही, साखर नाही, अंगावर काढलेला ताप नाही. माझ्या टेबलावर नेमका याचाच ढीग असतो. मगर अजून यायची आहे. मी बरेच दिवस विचार करत होते, असं का? बहुधा सिनेमातल्या मरणामागे कुणीतरी खलनायक असतो, म्हणून ते बघवतं. खऱ्या मरणामागे पुष्कळदा नुसतं 'राहू दे, बघू नंतर' असतं.

बाबांचं जाणं आठवतं ना? स्टुलावर बसून बूट पुसत होते. डाव्याला पॉलिश झालं, उजवा तसाच राहिला. कितीतरी दिवस तू मला विचारत होतास, "काही म्हणाले का? नीट आठव." मी नाही म्हणायचे. खरं तर ते महिनाभर सांगत होते, आपल्याला ऐकू आलं नाही. जिना चढला की जबडा दुखतो, म्हणायचे. मग दाढ काढून आले. चांगली धडधाकट दाढ होती रे. हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात निघतं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तुला आजवर सांगितलं नाही, कारण दाढ काढायला त्यांना तूच घेऊन गेला होतास. त्यात तुझी चूक नव्हती. तेव्हा आपल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे. आज सकाळी घरी तुझा नवा सिनेमा पाहिला. त्यात तू तीन मजले चढतोस आणि वर तुला गोळी लागते. गोळीनंतरचं भाषण मी ऐकलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर तू थांबतोस, कठडा धरतोस आणि डावा हात जबड्याला लावतोस. तेवढा तुकडा मी नऊ वेळा पाहिला. तो अभिनय नाही. तुझा अभिनय मला त्या कॉटपासून ठाऊक आहे. लगेच वहिनीला फोन केला, तर म्हणाली, "उद्या दाढ काढायला चाललेत. जिना चढताना फार ठणकते म्हणे." फोनवर तू हसण्यावारी नेशील, म्हणून ही चिठ्ठी तिच्याच हाती देते आहे. उद्या सकाळी नऊला हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी रजा टाकली आहे. तू म्हणशील, "तुला काय, सगळेच मेलेले दिसतात." म्हण. नाहीच म्हणणार आहेस, तरी विचारते: आज जिना चढू नकोस, आणि उद्या दाढेआधी माझ्याबरोबर तिकडे येशील?

तुझीच,
भोचक भवानी