उबपेटीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, धंदा घरगुती चॉकलेटं, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न घरातल्या सर्वांनी केला, पण तो त्यांचा रोजचाच आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असेल तर स्वतःची करून घ्यावी, असं मी त्यांना सुचवलं.

घर व बँकेतली शिल्लक माझ्या यजमानांना. घर खुशाल विकावं. मात्र गिऱ्हाइकासमोर "हिचा पसाराच फार" हे वाक्य उच्चारू नये.

साचे, ब्रश आणि संगमरवरी फळी मुलीला. तिला चॉकलेट करता येत नाही, पण फळीवर लॅपटॉप छान मावेल.

आता उबपेटी. सासऱ्यांच्या उशाशी औषधांचं छोटं कपाट असे, तेच. आत जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. त्याच्या उबेत रंगीत कोको बटरच्या बाटल्या पडून असत. हे कोको बटर मोठं मानी. गारठलं की बाटलीतच थिजतं, जास्त तापलं की चॉकलेटवरची चकाकी घालवतं. माझ्या थोरल्या जाऊबाई बाटली हलवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवत. "गरम लागली तर थांब, गार लागली तरी थांब. काहीच लागलं नाही, की घे," असं त्यांनीच मला शिकवलं. मग रिकाम्या साच्यात आधी रंग, त्यावर चॉकलेट. साचा उलटा करताना आम्ही दोघी श्वास रोखून धरत असू, कारण सगळ्यांत आधी मारलेला फटकारा सगळ्यांत वर दिसायचा. दुपारी घर झोपलेलं, पेटीच्या फटीतून पिवळी तिरीप, आणि आम्ही जगातल्या समस्त नवऱ्यांचा निकाल लावत बसलेल्या. त्याहून सुखाची दुपार मला आठवत नाही.

मग मोठ्या भाऊजींनी वीज वाचवली. शाळेच्या निरोपसमारंभाची ऑर्डर हातात असताना, कुणालाही न विचारता, त्यांनी पेटीत बचतीचा नवा बल्ब बसवला. उजेड लख्ख, ऊब शून्य. सकाळी सगळ्या बाटल्या दगड. घाईघाईने गरम पाण्यात ठेवल्या, त्या नको तितक्या तापल्या, आणि साच्यांतून कांजिण्या आलेली चॉकलेटं बाहेर पडली.

मी म्हणाले, "भाऊजी, हा बल्ब अगदी तुमच्यावर गेलाय. दिसायला झगझगीत, उपयोग काही नाही."

जाऊबाई ताडकन उठल्या. "माझ्या नवऱ्याला मूर्ख म्हणायचा हक्क माझा आहे. तुझा नाही."

त्या समोरच्याच घरात राहतात. तेव्हापासून त्यांनी रस्ता ओलांडलेला नाही. काम मी एकटीने चालू ठेवलं. पण साच्यात रंगवलेली फुलं त्यांची होती, माझे नुसते ठिपके.

सबब, तो बचतीचा बल्ब मोठ्या भाऊजींना, त्यांनी वाचवलेल्या सर्व विजेसह. उबपेटी, बाटल्या आणि तारेचे उरलेले बल्ब, जे आता दुकानात मिळत नाहीत, ते थोरल्या जाऊबाईंना. पेटी त्यांनी स्वतः येऊन न्यावी. भाऊजींना पाठवू नये.

सहीपूर्वीची पुरवणी: दुसऱ्या साक्षीदार म्हणून मी जाऊबाईंनाच निरोप धाडला. येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या, चष्मा लावून सगळं वाचलं, आणि बल्बच्या वाटणीशी पोचल्यावर तोंडावर हात धरला.

वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी साक्ष देऊ नये. सही करायची तर पेटी सोडा."

"आणि पेटी हवी असेल तर?"

"तर सही नको. पेटी मिळेल, पण यांच्या पश्चात."

जाऊबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पेटीसाठी मी हिच्या मरणाकडे डोळे लावून बसू? काहीतरीच! अगं, आतल्या बाटल्या कोमट तरी आहेत का? चल, ऊठ."

तरी उबपेटीसंबंधीचा मजकूर रद्द समजावा. सदर वस्तू वापरात असल्यामुळे वाटणीतून वगळली आहे.

साक्षीदार:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. वकीलबाईंचे ड्रायव्हर (सही)

लिहून देणार: (सही. जरा वाकडी आहे, आतून हाका चालू आहेत.)

ठिकाण: स्वयंपाकघराच्या दारात
तारीख: ९ ऑक्टोबर २०२६, शुक्रवार